म्हाताऱ्यांच्या अंगठ्यावर कोणाची सुगी?



सोयाबीन-कापसाचा पैसा हातात पडायच्या सुमाराला गावात वर्दळ वाढते. सोसायटीचा वसुलीवाला येतो, कृषी सेवा केंद्राचा उधारीवाला येतो, सावकाराचा माणूस येतो. ही माणसे ओळखीची आहेत. ती काय मागणार हे आपल्याला ठाऊक असते आणि त्यांना काय सांगायचे तेही पिढ्यानपिढ्या पाठ झालेले आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या मागोमाग आणखी एक माणूस येऊ लागला आहे. इस्त्रीचे कपडे, खांद्याला बॅग, हातात अंगठ्याचे मशीन. तो मागायला आलेला नसतो, द्यायला आलेला असतो, असे त्याचे म्हणणे. घरातल्या कर्त्या माणसाशी तो बोलतच नाही. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसतो. "आबा, दवाखान्याचे पाच लाखांचे कार्ड आले आहे, इथे अंगठा द्या."

या अंगठ्याचे पुढे काय होते, तो कोणाच्या कामी येतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब जिल्हा बैठकीत मांडायची वेळ आली आहे.

अडाणीपणाचा आळ

म्हातारी माणसे फसल्याची बातमी आली की शहरातले शहाणे एकच निदान करतात. म्हणे, खेड्यातले म्हातारे अडाणी आणि लोभी, म्हणून फसतात. उपायही ठरलेला. जागृती करा, पत्रके वाटा, भिंती रंगवा.

हे निदान खोटे आहे. ज्या म्हाताऱ्याने पन्नास वर्षे अडत्याच्या काट्यासमोर उभे राहून पोत्यामागे अर्धा किलो कुठे गेला हे डोळ्यांनी पकडले, तो अडाणी नाही. ज्या म्हातारीने दुष्काळात घर चालवले, पोरी उजवल्या आणि सावकाराचे व्याज बोटांवर मोजले, ती भोळी नाही. शहरात निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापकसुद्धा एका फोनवर आयुष्याची पुंजी घालवून बसतात. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. त्यांच्या बाबतीत 'सायबर गुन्हा' होतो, आपल्या बाबतीत मात्र 'अज्ञान'.

फसवणुकीचे खरे कारण बाजाराच्या घडणीत आहे. विम्याचा कागद विकणाऱ्याला समजतो, घेणाऱ्याला समजत नाही. विकला की विकणाऱ्याला लगेच पैसा मिळतो, कागद खोटा निघाला तर मात्र त्याचे काहीच जात नाही. असा सौदा जिथे असतो तिथे काटा कायम एकाच बाजूला झुकणार. समोर पदवीधर बसवला तरी झुकणार.

दुसरे कारण याहून जिव्हारी लागणारे आहे. आपल्या घरातल्या थोरल्या माणसांना मरणाची भीती फारशी नसते. भीती असते ती आजारपणाची. "माझ्या दवाखान्यापायी पोराचे वावर जाऊ नये," ही ती भीती. एजंट नेमकी तीच ओळखतो. म्हातारा लोभापायी अंगठा देत नाही, तो पोराच्या काळजीपोटी देतो. ज्या कागदाने वावर वाचेल असे त्याला वाटते, तोच कागद पुढे त्याला कर्जात ढकलतो. म्हणून ही लूट साध्या चोरीपेक्षा नीच आहे.

या लुटीचे चार प्रकार आहेत. एकेक पाहू.

पहिली लूट: फुकटाचे विकत

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येक माणसासाठी केंद्र सरकारची आयुष्मान वय वंदना योजना सुरू झाली. उत्पन्न किती, जमीन किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचे, हे कोणी विचारायचे नाही. वय ७० झाले, आधार आहे, एवढे पुरे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयात विनामूल्य. ज्या घराला आयुष्मान योजनेचे पाच लाख आधीपासून आहेत, त्या घरातल्या सत्तरीच्या माणसांना हे पाच लाख वेगळे. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून.

महाराष्ट्रात त्याखेरीज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने ती सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदलले, आणि जुलै २०२४ पासून पिवळ्या-केशरीच नव्हे तर पांढऱ्या रेशनकार्डाच्या कुटुंबांनाही पाच लाखांचे संरक्षण लागू झाले. यादीतल्या रुग्णालयात खाट, औषध, तपासण्या, शस्त्रक्रिया, रुग्णाचे जेवण आणि घरी परतायचे एस.टी.चे भाडेसुद्धा या पॅकेजात धरलेले आहे.

या दोन्ही योजनांत सर्वात मोठी गोष्ट अशी की जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. शुगर आहे, बी.पी. आहे, हृदयाचे दुखणे दहा वर्षांचे आहे, तरी कोणी 'थांबा' म्हणत नाही.

या कार्डासाठी सरकारला एक पैसाही द्यायचा नाही. तरीही 'नोंदणी फी', 'फॉर्म फी', 'कार्ड चालू करायची फी' अशी नावे देऊन शंभरापासून हजारापर्यंत जे काही मागितले जाते, ती शुद्ध लूट आहे. पाचशे रुपये गेले याचे एक वेळ दुःख नाही. दुःख याचे की पैसे घेणारा अनेकदा खरे कार्ड काढतच नाही. आठवडी बाजारात टेबल मांडून रंगीत 'हेल्थ कार्ड' विकणारे असतात. त्यावर एखाद्या दवाखान्यात दहा-वीस टक्के सवलत मिळेल असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. तो विमा नाही, सरकारी योजनाही नाही. पण म्हातारी ते पिशवीत जपून ठेवते, आणि खरे कार्ड काढायची गरज उरली नाही असे घर समजते. रात्री-बेरात्री छातीत कळ आली, जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, पिशवीतून कार्ड काढले, की काउंटरवरचा माणूस म्हणतो, "हे इथे चालत नाही." मग मंगळसूत्र गहाण पडते, नाही तर बैलजोडी जाते. हक्काचे पाच लाख असताना!

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण खोटी आशा हीसुद्धा फसवणूकच. ही कार्डे भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. रोजची शुगरची गोळी यात मिळत नाही. आणि प्रत्येक दवाखाना यादीत नसतो. 'सगळीकडे चालते, सगळे मिळते' असे जो सांगेल तो खोटे बोलतो, मग त्याच्या गळ्यात कोणतेही ओळखपत्र असो.

दुसरी लूट: पावसाळा संपल्यावरची छत्री

आता खाजगी पॉलिसीचा हिशेब करू. समजा, साठी-सत्तरीच्या जोडप्याला वर्षाला ३०,००० रुपये हप्ता सांगितला. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे हमीभावाने साडेपाच क्विंटलहून अधिक सोयाबीन दरवर्षी या एका कागदावर घालायचे. हमीभाव प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडतो हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

या साडेपाच क्विंटलांच्या बदल्यात काय मिळते? पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा, हर्निया अशा ठरावीक दुखण्यांना बहुधा दोन वर्षे थांबा. पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबा. म्हाताऱ्या माणसाच्या कित्येक पॉलिसींत बिलाचा काही हिस्सा त्याने स्वतः भरायची अट असते. आता सांगा, सत्तरीच्या म्हाताऱ्याला होते तरी काय? मोतीबिंदू, गुडघे, हर्निया, शुगर, बी.पी. ज्यासाठी छत्री घ्यायची, नेमका तोच पाऊस वगळून छत्री विकली जाते.

यात बेकायदा काही नाही. अटी कागदावर छापलेल्या असतात. लबाडी होते ती विकताना. "उद्यापासून सगळे चालू," असे एजंट सांगतो. अर्ज तोच भरतो. 'आधीचा काही आजार आहे काय?' या रकान्यात तोच 'नाही' लिहितो. म्हातारी म्हणते, "मला शुगर आहे रे बाबा." तो म्हणतो, "मावशी, ते लिहिले तर हप्ता वाढतो." दोन वर्षांनी आजारपण येते, कंपनी जुनी चिठ्ठी शोधून काढते आणि 'माहिती लपवली' म्हणून पैसे नाकारते. लपवली कोणी? ज्याने कमिशन खाल्ले त्याने. भरतो कोण? ज्याने हप्ते भरले तो.

अंगठ्याच्या पॉलिसीत तर आणखी गंमत असते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या अर्जात एक जागा असते. 'मी हा मजकूर यांना यांच्या भाषेत समजावून सांगितला,' असे तिथे कोणीतरी लिहून सही करायची. ती सही कोण करते? एजंटच, नाही तर त्याचा जोडीदार. उंदराला मांजर साक्ष!

मोबाईल नंबरची जागा असते, तिथेही तो आपला किंवा भलताच नंबर टाकतो. मग कंपनीचा संदेश म्हाताऱ्यापर्यंत येत नाही आणि पॉलिसीचा कागद कोणाच्या तरी ईमेलवर जाऊन पडतो. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत म्हणून परत करायचा हक्क कायद्याने दिला आहे. तो हक्क अशा रीतीने न वापरताच संपून जातो. पडताळणीचा फोन आलाच तर, "काका, जे विचारतील त्याला हो म्हणा," हे आधीच पढवलेले असते.

याहून वाईट प्रकार म्हणजे 'दवाखान्याचा विमा' म्हणून आयुर्विमाच गळ्यात मारायचा. दहा-दहा वर्षे हप्ते भरायची बचत पॉलिसी, ती अडुसष्टीच्या माणसाला. आयुर्विम्यात पहिल्या वर्षीच्या हप्त्यात कमिशन मोठे, म्हणून हा आग्रह. दुसरे वर्ष येते, पाऊस पडत नाही, हप्ता भरला जात नाही, पॉलिसी बंद पडते, पहिल्या हप्त्यात नुकसान होते. बँकेत पीककर्जाचे नवे-जुने करायला गेलेल्या म्हाताऱ्यापुढे कर्जाच्या कागदांतच असा एखादा कागद सरकवला जातो. विमा घेतला नाही तर कर्ज अडेल, असे तोंडाने सांगतात, लिहून कोणी देत नाही. त्याला एकच उत्तर. "साहेब, हेच लिहून द्या."

नियम काही बाबतींत सुधारले आहेत, तेही माहीत असू द्या. एप्रिल २०२४ पासून '६५ च्या पुढे आरोग्य विमा मिळत नाही' ही सबब संपली. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली की 'माहिती लपवली' म्हणून कंपनीला पैसे नाकारता येत नाहीत, सिद्ध झालेली लबाडी सोडून. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामक प्राधिकरणाला विचारावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आजही जो एजंट हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लावून पैसे मागेल, त्याला तिथेच धरा.

तिसरी लूट: फोनवरचा साहेब

"विमा नियामक प्राधिकरणातून बोलतोय. तुमच्या जुन्या पॉलिसीचा ८० हजार बोनस अडकला आहे. सोडवायला सहा हजार भरा." असा फोन आला की समजा, चोर बोलतो आहे. आयआरडीएआय ही देखरेख करणारी संस्था आहे. ती पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही आणि त्यासाठी कोणाला फोन करत नाही. व्हॉट्सॲपवर 'आयुष्मान', 'पीएम किसान' अशा नावांनी एपीके नावाच्या फायली येतात. त्यावर बोट ठेवले की मोबाईलमध्ये चोर शिरला. नातवाला कामाला लावायचे ते इथे. आजोबांच्या मोबाईलमध्ये असली फाईल उघडू द्यायची नाही. अंगठ्याचे मशीन घेऊन गावात फिरणाऱ्याचेही तसेच. आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे निघतात. 'कार्डासाठी' म्हणून दिलेला अंगठा खाते रिकामे करू शकतो. आधारमधली बोटांच्या ठशांची सोय कुलूपबंद करता येते. विचारायचा नंबर १९४७.

चौथी लूट: माणूसच कच्चा माल

आतापर्यंत पैशाची लूट पाहिली. ही शेवटची लूट अंगावर काटा आणणारी आहे.

१० नोव्हेंबर २०२४. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात, कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात अहमदाबादच्या एका खाजगी रुग्णालयाने मोफत तपासणी शिबिर भरवले. शिबिरातून १९ जणांना अहमदाबादला नेले. त्यांतल्या बहुतेकांची अँजिओग्राफी झाली, ७ जणांची अँजिओप्लास्टी झाली. दोघे मेले. घरच्या माणसांना न विचारता, न सांगता हे केल्याची तक्रार गावाने केली. गरज नसताना, आयुष्मान योजनेचे पैसे काढण्यासाठी हे केल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले आणि रुग्णालय योजनेतून काढले गेले.

नीट विचार करा. या लोकांच्या खिशातून एक रुपया गेला नव्हता. शिबिर फुकट, गाडी फुकट, उपचार फुकट. तरी त्यांच्याएवढे कोणी लुटले गेले नाही. कारण इथे गिऱ्हाईक सरकार होते, विकणारा दवाखाना होता आणि माल होता माणूस. उसाची मोळी जशी काट्यावर टाकतात तशी माणसे टेबलावर टाकली.

हे एकाच ठिकाणी घडले असे समजू नका. आयुष्मान योजनेवरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला. ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर होता, ९९९९९९९९९९. दहा वेळा नऊ. आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांवर पुन्हा उपचार झाल्याचे दाखवून ६ कोटी ९७ लाख रुपये काढले गेले होते. सरकारने खुलासा केला की मोबाईल नंबर बघून उपचार देत नाहीत, ओळख आधारवर पटवतात. असेल. पण मग माझ्या नावावर कोणता उपचार झाला आणि किती पैसे उचलले, हे मला कळवायचे कोणत्या नंबरवर? दहा नऊ असलेल्या? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

पुढे २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले की अकराशेहून अधिक रुग्णालये यादीतून काढली आणि दीड हजारांवर रुग्णालयांना १२२ कोटींचा दंड केला. कारवाई झाली हे चांगलेच. पण दंडाचे पैसे सरकारच्या तिजोरीत जातात. ज्याच्या छातीत विनाकारण नळी घातली त्याला काय मिळाले?

मग विमाच नको?

काही मंडळी म्हणतील, एवढी लबाडी आहे तर विम्याच्या नादीच लागू नका. कार्डही नको, पॉलिसीही नको. हा सल्ला बाजार समितीत काटा मारतात म्हणून माल पिकवूच नका, असे सांगण्यासारखा आहे. दहा घरांनी थोडे थोडे घालून एका घराची आपत्ती पेलायची, ही रीत चांगलीच आहे. गावकीत ती पहिल्यापासून होती. ज्याला खाजगी पॉलिसी परवडते, मोठ्या शहरातला आवडीचा दवाखाना हवा आहे, त्याने जरूर घ्यावी. चाळिशी-पन्नाशीत, आजार नसताना घ्यावी, म्हणजे म्हातारपण येईपर्यंत थांब्याची वर्षे सरून जातात. आपला विरोध विम्याला नाही, व्यापाराला तर नाहीच नाही. विरोध खोट्या काट्याला आहे.

आणखी काही मंडळी म्हणतील, सरकारने कडक कायदा करावा. कायदे आहेत. ३० दिवसांत परत करायचा हक्क कायद्यातच आहे. पॉलिसीचे थोडक्यात माहितीपत्रक मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे, हेही नियामकाने सांगितलेले आहे. तुमच्यापैकी किती जणांनी मराठीतले माहितीपत्रक पाहिले? हक्क मागणारा कोणी नसला की कायदा कपाटात झोपतो.

आणि थोडे आपल्या घरातही बघू. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, म्हातारा-म्हातारी गावात एकटी. सणाला येतो तेव्हा मुलगा विचारतो, "बाबा, तब्येत बरी आहे ना?" कार्ड निघाले का, कुठे ठेवले, यादीतला दवाखाना कोणता, हे कोणी विचारत नाही. ही रिकामी जागा एजंट भरतो. तो महिन्यात दोनदा येतो, चहा घेतो, गुडघ्याची चौकशी करतो. म्हातारा त्याच्यावर विश्वास ठेवतो त्यात नवल काय?

गावाने करायची कामे

बैठकीहून परत गेल्यावर प्रत्येक गावात एक दिवस ठरवा. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आशाताईंना सोबत घेऊन ७० वर्षांवरच्या प्रत्येकाचे वय वंदना कार्ड काढा. मोबाईल नंबर त्याच घरातला लिहिला गेला ना, हे तिथेच तपासा. एकट्या माणसाचा अंगठा ओसरीवर, बाजारात किंवा गाडीत घेऊ द्यायचा नाही. अंगठा म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर सही करताना जसे चार माणसांना विचारतो, तसेच अंगठा देताना विचारायचे.

यादीतले जवळचे दवाखाने कोणते, हे पंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. दवाखान्यात गेल्यावर आधी 'आरोग्यमित्र' कोण ते विचारा, मग काउंटरवर जा. कार्ड चालत असताना अनामत मागितली तर पावती मागा आणि तिथूनच फोन करा. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानसाठी १४५५५.

शिबिराची गाडी गावात आली तर ग्रामपंचायतीने तीन प्रश्न विचारावेत. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले आहे काय? गाडीत बसवून नेताय त्याचे घरचे माणूस सोबत आहे काय? कोणती प्रक्रिया करणार ते मराठीत लिहून देता काय? तिन्हीचे उत्तर 'होय' नसेल तर गाडी रिकामी परत जाऊ द्या. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आणि जीव तातडीच्या धोक्यात नसेल, तर सरकारी डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय टेबलावर झोपू नका.

पॉलिसी घ्यायचीच असेल तर पैसे रोख देऊ नका, कंपनीच्या नावाने द्या. सगळे आजार अर्जात लिहा. हप्ता वाढला तर वाढू द्या. अर्जाची प्रत घ्या. पॉलिसी आली की गावातल्या शिकल्या पोरापोरींकडून आठवडाभरात वाचून घ्या. पटली नाही तर ३० दिवसांच्या आत लेखी परत करा.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. म्हातारी माणसे लाजेने सांगत नाहीत. घरचे रागावतील म्हणून लपवतात. त्यांच्यावर रागवाल तर चोराचेच काम कराल. मोबाईलवरून पैसे गेले तर त्याच घटकेला १९३० ला कळवा, उशीर झाला की पैसे हातचे गेले. पॉलिसीची तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, मग आयआरडीएआयच्या १५५२५५ वर. महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यात. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. मुदत मात्र एक वर्षाची. जिल्ह्याचा ग्राहक आयोगही आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथेही फी नाही.

बैठकीपुढचा ठराव

जिल्हा बैठकीपुढे पाच मागण्या मांडत आहोत. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, पण निर्णय घेऊनच उठा.

एक. अंगठ्यावर विकलेल्या पॉलिसीत साक्षीची सही विकणाऱ्याची किंवा त्याच्या माणसाची असेल, तर ती पॉलिसी घेणाऱ्याच्या मर्जीने केव्हाही रद्द व्हावी आणि संपूर्ण हप्ता परत मिळावा.

दोन. मराठी माहितीपत्रक मागितल्यावर नव्हे, न मागता मिळावे. महाराष्ट्रात विकायचे तर मराठीत लिहायचे.

तीन. ७० वर्षांवरच्या माणसाला पॉलिसी विकण्यापूर्वी 'तुम्हाला सरकारी कार्ड विनामूल्य मिळते' हे विकणाऱ्याने लेखी सांगावे.

चार. सरकारी योजनेतून ज्याच्या नावावर पैसे उचलले, त्याच्या हातात दवाखान्याने मराठी चिठ्ठी द्यावी. कोणता आजार, कोणता उपचार, किती रक्कम. कोणत्या दवाखान्याने आपल्या गावातल्या किती माणसांवर किती पैसे घेतले, याचा आकडा रुग्णांची नावे न सांगता ग्रामसभेपुढे यावा.

पाच. एजंटाच्या लबाडीची भरपाई कंपनीने करावी, विनाकारण केलेल्या शस्त्रक्रियेची भरपाई दवाखान्याने करावी, आणि ती सरकारी तिजोरीला नव्हे तर त्या माणसाला मिळावी.

यातली एकही मागणी सवलतीची नाही. आपण कोणाकडे दान मागत नाही. विकणाऱ्याने काय विकले ते सांगावे, पैसे उचलणाऱ्याने कशाचे उचलले ते दाखवावे, खोटे बोलणाऱ्याने भरपाई द्यावी. व्यापाराचा हा साधा धर्म आहे.

ज्या माणसांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यावर आपला माल घातला, त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या शरीराचाच काटा होऊ द्यायचा नसेल, तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद घेऊन यावे. त्यावर तीन आकडे. गावात ७० वर्षांवरची माणसे किती, त्यांतल्या कितींचे कार्ड निघाले, आणि कितींच्या घरात न समजलेल्या पॉलिसी पडून आहेत. भाषणे त्यानंतर करू.